जिंकलेल्यांचं राज्य पडद्यावर का दिसलं नाही? पुण्यातल्या 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

'स्टार वॉर्स' मालिकेतला 'द फोर्स अवेकन्स' येऊन 10 वर्षं उलटून गेली, तरी आपला वाद जिथल्या तिथे आहे. फर्ग्युसन रस्त्यावर चारजण कॉफीला बसले की अर्ध्या तासात तो निघतोच. एक गट म्हणतो, दिग्दर्शक जे. जे. अब्रॅम्सनं 1977 चाच पहिला चित्रपट नवे नट घेऊन पुन्हा काढला, अगदी सेफ खेळला. दुसरा म्हणतो, तेव्हा तेच करायला हवं होतं, नाहीतर मालिका पुन्हा उभीच राहिली नसती. मग याद्या सुरू होतात. वाळवंटातला ग्रह, रोबोच्या पोटात दडवलेलं गुपित, मुखवट्यातला खलनायक, तरुणांच्या डोळ्यांदेखत मरणारा वडीलधारा, ग्रहच्या ग्रह उडवणारं शस्त्र आणि त्या शस्त्रात ठेवलेली एक कच्ची जागा. यादी खरी आहे, मलाही ती पाठ आहे. पण ती कितीही लांबवली तरी त्या चित्रपटानं नेमकी कुठे कच खाल्ली ते तिच्यातून कळत नाही, आणि गेली काही वर्षं आपण याद्यांच्या पुढे जातच नाही. म्हणून हे लिहितोय.

सेफ खेळण्यामागचं व्यापारी कारण आधीच मान्य करून टाकू. ऑक्टोबर 2012 मध्ये डिस्नेनं लुकासफिल्म विकत घ्यायचं जाहीर केलं, ते सुमारे 400 कोटी डॉलर्सना. 1999 ते 2005 या काळातल्या तीन चित्रपटांनी जुने चाहते दुखावलेले होते. एवढा पैसा घालून बिथरलेल्या गिऱ्हाइकासमोर उभा राहणारा मालक पहिला माल ओळखीचाच आणणार. हिशेब बरोबरही ठरला, जगभरात 200 कोटी डॉलर्सच्या वर धंदा झाला.

आपल्याकडे तो आठवडाभर उशिरा लागला होता, आठवतंय? अमेरिकेत 18 डिसेंबर 2015, इथे 25. कारण 18 तारखेला 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' एकदम आले होते आणि पडदे त्यांच्याकडे गेले होते. पुण्यात त्या आठवड्यात बाजीरावावरून रान पेटलं होतं, कोथरूडला निदर्शनं होऊन खेळ रद्द झाले होते. एका चित्रपटानं इतिहासाशी फार मोकळीक घेतली म्हणून संतापलेलं शहर, आणि आठच दिवसांनी त्याच शहरात दुसऱ्या चित्रपटानं आपल्या पुराणाशी काहीच मोकळीक घेतली नाही म्हणून नाराज होऊन बाहेर पडलेले आपण. प्रेक्षक म्हणून आपल्याला नक्की किती बदल चालतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

ओळखीचं दिसलं म्हणजे भित्रेपणा झाला, हे मात्र मला मान्य नाही. जॉर्ज लुकासनं 1977 साली जे उभं केलं त्यात त्याच्या लहानपणीची अंतराळातल्या साहसांची 'फ्लॅश गॉर्डन' मालिका होती, जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'द हिडन फोर्ट्रेस' होता, दुसऱ्या महायुद्धावरच्या चित्रपटांतली विमानांची झुंज होती. सगळं जुनंच. नवी होती ती जुळणी आणि तिच्यामागची जिद्द. 2015 च्या चित्रपटाची नायिका रे आधी ज्या यानाला भंगार म्हणून नाकारते तेच नाइलाजानं घ्यायची वेळ येते आणि कॅमेरा वळून जुन्या चित्रपटांतलं 'मिलेनियम फाल्कन' दाखवतो, तेव्हा थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं होतं. मीही वाजवली होती आणि आजही वाजवीन. ते दृश्य जुन्या आठवणीवर जगतं, पण त्यात खोट नाही. उलट रे या मुलीची ओळख इतक्या कमी शब्दांत करून देणं हे फार चांगलं काम आहे. भंगार गोळा करायचं, घासूनपुसून विकायचं, मिळालेलं पाकीट पाण्यात टाकून त्याची भाकरी फुगताना बघायची, भिंतीवर दिवस मोजणाऱ्या रेघा ओढायच्या. संवाद जवळपास नाही आणि सगळं कळतं.

मग अडलं कुठे?

माझे वडील महसूल खात्यातून निवृत्त झालेले. आधीचे भाग त्यांनी टीव्हीवर सलग पाहिले होते, म्हणून हा बघायला आम्ही त्यांना सोबत नेलं. मध्यंतरात त्यांनी मला विचारलं, "मागच्या भागात हे लोक जिंकले ना? मग यांचं सरकार कुठंय?" मी म्हटलं, आहे, प्रजासत्ताक आहे. ते म्हणाले, "मग ती बाई सरकारात का नाही? सरकार तिचंच, तर ती पुन्हा जंगलात लपून फौज का जमवते? आणि समोरच्यांकडे एवढी फौज आली कुठून, तिचा सारा कोण देतो?" मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर चित्रपटात नाही. सुरुवातीला वर सरकत जाणाऱ्या मजकुरात एवढंच येतं की लेया, म्हणजे वडील म्हणाले ती बाई, प्रजासत्ताकाच्या पाठिंब्यानं प्रतिकाराचं नेतृत्व करते आहे. जिंकलेल्या सरकारला स्वतःच्याच रक्षणासाठी वेगळी अनधिकृत फौज का लागते, हे कुणीच सांगत नाही.

आणि ते सरकार पडद्यावर दिसतं तरी किती वेळ? एका शहरात सज्जावर काही माणसं उभी आहेत, आकाशात लाल रेघ दिसते, माणसं वर बघतात, संपलं. लोकांनी तीन चित्रपटभर ज्याच्यासाठी जीव दिला ते राज्य आपण पहिल्यांदा बघतो तेच त्याच्या राखेच्या क्षणी. तिथला एकही माणूस आपल्याला नावानं माहीत नसतो, म्हणून याच चित्रपटात मरणाऱ्या हॅन सोलोसाठी रडलेला प्रेक्षक त्या अब्जावधींसाठी हळहळत नाही.

मित्रांनो, कच इथे खाल्ली. वाळवंट पुन्हा आलं ही बारीक गोष्ट आहे. बंड जिंकल्यावर काय होतं, बंडखोरांना राज्य करता येतं का, हरलेल्यांचे अधिकारी, त्यांचे कारखाने, त्यांची मुलं जातात कुठे, हे प्रश्न 1983 साली संपलेल्या गोष्टीनं समोर ठेवले होते. त्यांना हात घालायला नको म्हणून दोन तास पटावरची सगळी प्यादी मूळ घरात परत मांडून ठेवली. पुन्हा एक साम्राज्य, पुन्हा मूठभर बंडखोर, मधली तीस वर्षं पुसून. आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसांना, या प्रश्नाचं महत्त्व कुणी शिकवायला नको. सत्ता मिळवणारे आणि मिळालेली सत्ता चालवणारे, यांच्यातल्या ताणावर आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वाद चाललेत. स्वातंत्र्यानंतर काय, या प्रश्नावर आपलं निम्मं साहित्य उभं आहे.

दुसरी जागा मला याहून जास्त लागते, आणि आपल्या गप्पांत तिचं नाव क्वचितच निघतं. फिन.

चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत जाकू ग्रहावरच्या एका वस्तीवर हल्ला होतो. गोळी लागलेला एक शिपाई कोसळतो, दुसरा, म्हणजे फिन, त्याच्याजवळ वाकतो, आणि मरणारा हात वर करून त्याच्या पांढऱ्या शिरस्त्राणावर रक्तानं भरलेली बोटं ओढतो. 1977 पासून ते पांढरे शिपाई म्हणजे फक्त नेम धरायला ठेवलेले पुतळे. त्यांना चेहरा नव्हता, नाव नव्हतं, ते मेले तर मोजायचेही नाहीत. आणि इथे एका क्षणात कळतं की आत माणूस आहे, घामाघूम झालेला, श्वास न पुरणारा, लहानपणीच घरातून उचलून आणलेला. त्या बोटांच्या खुणांमुळे पूर्ण गर्दीत तोच तेवढा ओळखू येतो. या अख्ख्या मालिकेत यापेक्षा धाडसी कल्पना मला सापडत नाही. ती सेफ म्हणून हिणवल्या गेलेल्या चित्रपटातच आहे, हे यादी वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

पण पुढे? थोड्याच वेळात तोच फिन पळवलेल्या यानाच्या तोफेमागे बसतो आणि कालपर्यंत ज्यांच्याबरोबर जेवला-झोपला त्यांच्यावर आनंदानं ओरडत गोळ्या झाडतो. त्याला क्षणभरही वाटत नाही की यातल्या प्रत्येक शिरस्त्राणाखाली माझ्यासारखाच एखादा असेल. उघडलेलं दार चित्रपट स्वतःच लावून घेतो. 2019 च्या भागात पळून आलेल्या अशाच शिपायांची एक टोळी भेटते, त्यांचं फिनशी दोन वाक्यांचं बोलणं होतं आणि पुन्हा लढाई सुरू. शिपायांमध्येच बंड होतंय, फिन त्यांना हाक देतोय, अशी गोष्ट हाताशी असताना ती सोडून दिली. सेफ हा शब्द वापरायचाच असेल तर इथे वापरा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी 2019 च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की हा चित्रपट पाहून लुकास निराश झाला होता आणि यात नवीन काहीच नाही असं त्यानं तोंडावर सांगितलं. आपल्यातले बरेचजण हे वाक्य पुरावा म्हणून वापरतात. वापरा. पण लुकासनं स्वतः नवीन काही केलं तेव्हा, म्हणजे 1999 ते 2005 मध्ये, प्रजासत्ताक आतून कसं पोखरलं जातं, टाळ्यांच्या गजरात हुकूमशहा कसा येतो हे दाखवलं तेव्हा, चाहत्यांनी त्याचं काय केलं? संवाद लाकडी होते, कबूल. गोष्ट मात्र धीट होती. ती धिटाई ओळखायला आपल्याला पंधरा वर्षं लागली.

2017 चं तर विचारूच नका. रायन जॉन्सननं 'द लास्ट जेडाय'मध्ये बरंच काही उलटवलं. जुन्या चित्रपटांचा नायक ल्यूक ज्या तलवारीची वाट बघतोय असं आपण दोन वर्षं धरून चाललो होतो, ती हातात येताच त्यानं खांद्यावरून मागे भिरकावली. रे कुणाचीच कुणी नाही, दारूसाठी मुलीला विकणाऱ्या आईबापांची पोर, असं सांगितलं. दोन्ही बाजूंना शस्त्रं विकून श्रीमंत झालेले लोक दाखवले. या सगळ्यावर मतभेद व्हायला हवेत, माझेही आहेत. जुगाराच्या शहरातला भाग मला आजही रेंगाळलेला वाटतो. पण जगभरातल्या चाहत्यांच्या एका गटानं जे केलं त्याला मतभेद म्हणत नाहीत. त्यातल्या केली मेरी ट्रान या अभिनेत्रीला तिच्या वंशावरून, दिसण्यावरून इतकं छळलं की 2018 मध्ये तिनं इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या.

याचं फळ 2019 ला मिळालं. 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये ट्रान दीड मिनिटसुद्धा दिसत नाही. रे अचानक जुन्या भागांतला खलनायक सम्राट पॅल्पटिनची नात निघाली. मेलेला पॅल्पटिन परत आला, मेलेला वाटलेला च्युबाका, हॅनचा केसाळ सोबती, मेला नव्हता, पुसलेली रोबोची स्मृती परत भरली गेली. काहीही हातचं जाऊ द्यायचं नाही, कुणालाही दुखवायचं नाही, अशा भीतीत लिहिलेला चित्रपट. आणि सगळ्यांना खूश करायला निघालेला हाच चित्रपट तिघांत सर्वांत कमी चालला, सुमारे 107 कोटी डॉलर्स. 2015 चा चित्रपट बिचकत खेळला असं म्हणणाऱ्यांनी 2019 चा पुन्हा एकदा बघावा. बिचकणं म्हणजे काय ते तिथे दिसतं, आणि ती भीती स्टुडिओच्या मनात ज्यांनी भरली त्यांत चाहत्यांचा गोंगाट मोठा होता.

लॉ कॉलेज रस्त्यावरून जाताना मला हे हटकून आठवतं. कारण ओळखीचं पुन्हा करायचं की नवं, हाच पेच 90 वर्षांपूर्वी तिथल्या आवारात पडला होता, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. प्रभात कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. 1936 ला दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला. मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला, 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. एवढं यश मिळाल्यावर पुढची पाच वर्षं फक्त संतपट काढले असते तर कुणी नावं ठेवली असती? त्याऐवजी पुढच्याच वर्षी शांतारामबापूंचा 'कुंकू' आला. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्याला नवरा मानायलाच नकार देते, आणि शांता आपटेंची नीरा हे ज्या ताठ मानेनं करते ते आजही अंगावर येतं. मग 1939 ला 'माणूस', पोलीस शिपाई आणि वेश्या यांची गोष्ट. 1941 ला 'शेजारी', हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीत पडलेली फूट. त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांना आणि हिंदू ठाकूरची मझहर खान यांना दिली होती. तो काळ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या निवडीचं वजन कळेल.

आणि याच प्रभातनं 1940 मध्ये 'संत ज्ञानेश्वर'ही काढला, पुन्हा दामले-फत्तेलाल, पुन्हा संत, पुन्हा चमत्कार. तो सुंदर आहे, चालणारी भिंत तर बघावी अशी. पण मला 'तुकाराम'च जवळचा, आणि त्याचं कारण जिजाई. घरात पोरं उपाशी असताना नवरा अभंग रचतोय म्हणून नवऱ्याला आणि विठ्ठलाला एकदमच फैलावर घेणारी बायको त्या चित्रपटानं मधोमध उभी केली. भक्तिपटात भक्तीवर खडा सवाल करणारं माणूस. तिच्यामुळे 'तुकाराम' ओळखीचा असूनही सेफ राहत नाही. 'ज्ञानेश्वर'मध्ये तिच्या तोलाचं कुणी नाही. एकच कंपनी, तेच दिग्दर्शक, तोच साचा, आणि फरक पडला तो अडचणीचा प्रश्न विचारणाऱ्या एका बाईनं. आपल्या गावच्या या इतिहासातून मला कसोटी मिळते ती अशी: चित्रपटात जुनं किती आहे ते मोजत बसण्यापेक्षा त्यात जिजाई आहे का ते बघावं.

'स्टार वॉर्स'च्याच 'अँडोर' या वेब मालिकेत ती आहे. 2022 आणि 2025 मध्ये आलेले मिळून 24 भाग, टोनी गिलरॉयनं घडवलेले. एकही जेडाय योद्धा नाही, प्रकाशाची तलवार नाही, स्कायवॉकर घराण्यातलं कुणी नाही. आणि ही गोष्ट एका आधीच्या चित्रपटाच्या आधी घडणारी, तिचा शेवट आपल्याला 2016 च्या 'रोग वन'पासून माहीत, म्हणजे कागदावर तर याहून सेफ काही नाही. तरी ती बघताना धडधडतं. साम्राज्य इथे बैठकांतून, नोंदवह्यांतून, बढतीसाठी हपापलेल्या अधिकाऱ्यांतून चालतं. बंडासाठी पैसा उभा करताना सेनेटर मॉन मॉथ्माला पोटच्या मुलीचं लग्न सौद्यात घालावं लागतं, आणि त्या लग्नात ती बेभान नाचते. माझ्या वडिलांनी जे विचारलं होतं, पैसा कुठून येतो, माणसं कोण पुरवतं, त्याचं उत्तर द्यायला 'स्टार वॉर्स'ला 45 वर्षं लागली, पण दिलं. सेफ-सेफ म्हणून दहा वर्षं कंठशोष करणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांनी 'अँडोर' अजून पाहिलेली नाही, 'त्यात जेडाय नाहीत ना' म्हणून. हे मला खरोखर लागतं.

तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. पुढच्या वेळी जमलो की याद्या वाचायच्या नाहीत, प्रत्येकानं एवढंच सांगायचं की चित्रपटानं कुठला प्रश्न समोर येऊनही टाळला. फिनपासून सुरुवात करू, मी तयारी करून येतो. आणि दुसरी, एखाद्या दिग्दर्शकाचं धाडस फसलं असं वाटलं तर चित्रपटाला हवं तेवढं झोडा, नटनट्यांच्या वाटेला जाऊ नका, आणि आपल्या ग्रुपात कुणी गेलंच तर गप्प बसू नका. 2018 ला आपल्यातही काही फोटो आणि काही शेरे फिरले होते, ते तुम्हालाही आठवत असतील.

मे 2027 मध्ये पहिल्या चित्रपटाला 50 वर्षं पूर्ण होतील. त्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी किंवा एखादं छोटं सभागृह घेऊन एका दिवशी 'संत तुकाराम' आणि दुसऱ्या दिवशी 'अँडोर'चे निवडक भाग, असं लावावं अशी माझी इच्छा आहे. प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. जागेचं कुणी बघतं का, ते कळवा, आणि येताना ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही अशा घरच्यांना घेऊन या.

तुमच्यातलाच एक,
कर्वेनगर, पुणे